चंद्रावतीआजीच्या सरणाचा आंबा

पार्से गावच्या चंद्रावतीआजीच्या सरणाची लाकडं आजवर दोनदा फुकट गेली. सरणासाठी आंबा हेरून ठेवायची रीत सगळ्यांचीच. पण तिचा मुलगा गोकुळदास घायकुत्या, तो तोडूनच मोकळा! ब्याऐंशीव्या वर्षी तिनं अंथरूण धरलं, यानं लाकडं रचली. म्हातारी ठणठणीत झाली, लाकडं वाळवीनं खाल्ली. एकोणनव्वदाव्या वर्षी पुन्हा तेच. त्या खेपेला तर तिनं त्याच लाकडांवर वर्षाच्या उकड्या तांदळासाठी भात उकडून घेतलं. वर म्हणते, "सुकी होती, बरी पेटली."

यंदा शहाण्णवाव्या वर्षी तिची छाती भरली, आणि गोकुळदासनं परसातल्या मानकुराद आंब्यावर बोट ठेवलं. तिनं हातानं लावलेलं कलम, मोहरानं लगडलेलं! मरणाला न भ्यालेली ती बाई आंब्यासाठी घळाघळा रडली.

तिची नात सेजल कॉलेजात चिलटांच्या म्हातारपणाचा अभ्यास करते. ती उशाशी बसून म्हणाली, "आजी, पोरं वाढवून होईपर्यंत निसर्ग आपली काळजी वाहतो. त्यापुढं उमटणारे दोष तो निवडून काढत नाही, ते साचत जातात. म्हणून वर्षागणिक मरणाचा धोका चढतो. पण फार म्हाताऱ्या चिलटांत तो चढ थांबतो. डोंगर चढून सड्यावर, सपाटीला आल्यासारखा."

"आणि माणसांत?"

"तिथं पंडित अजून भांडताहेत. आणि सडा झाला तरी उंचच गे! दर वर्षी काटा की छापा."

"भांडूंदेत. माका दोनदा छापा पडलो मां?" आजी उठून बसली आणि तिनं पेज मागितली.

आठव्या दिवशी बेळगावकडचा लाकूडतोड्या आनंदा करवत घेऊन आला. आजी काठी टेकत गेली ती थेट बुंध्याला पाठ लावून बसली.

"गे आये, तुझ्यासाठीच तोडतंय!" गोकुळदास ओरडला.

"माझ्यासाठी? मगे जित्ती आसय तवसर माका विचार! हो आंबो तुटूचो नाय."

आनंदानं करवत खाली ठेवली. "मालक, आजी बसल्यात तिथं म्या हात लावणार न्हाई."

ओरडून ओरडून गोकुळदासला धाप लागली होती. आजीनं त्याचा हात धरून खाली ओढला.

"माझो चढ संपलो रे. तुझो अजून उरलोहा. बस हंय सावळेक."

आणि चौऱ्याहत्तर वर्षांचं ते पोर आंब्याच्या सावलीत आईशेजारी बसलं.