आवाजाकडे कान

साखर कारखान्यात असताना पाहिलेलं. मळीची रिकामी टाकी धुवायला शंकर आत उतरला होता. वर तोंडाशी गणपतराव त्याच्या पट्ट्याची दोरी धरून बसले होते आणि सारखे बोलत होते.

"लेकीचं नाव काय ठेवलंस?"

"सायली."

"कुणावर गेलीय रे?"

उत्तर जड, अडखळत आलं. गणपतरावांनी आम्हाला हाक मारली आणि सगळ्यांनी मिळून दोरी ओढली. तळाचा गाळ हलवल्यावर त्यातून वायू सुटून आतला प्राणवायू घटला होता.

मोकळ्या हवेत शंकर सावरला. "मला काहीच जाणवलं नाही, काका," तो म्हणाला.

"तुला नाहीच जाणवणार. म्हणून तर मी बोलत होतो," गणपतराव त्याची पाठ चोळत म्हणाले.

गावाकडून आई फोनवर "बरी आहे" म्हणते, तेव्हा हल्ली मी तिला आणखी थोडं बोलतं ठेवतो.