पार्टवाले आणि हॉर्नचं बटण

पार्टवाल्यांची सगळी नोकरी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात, काउंटरमागे गेली. कुठल्या ट्रॅक्टरचा कुठला वायसर कुठल्या खणात आहे, हे ते डोळे मिटून सांगत. तो वायसर ट्रॅक्टरमध्ये नेमका कुठे बसतो, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक वस्तू घेऊन जाई, पुढचं त्याचं तो बघे. निवृत्त झाल्यावर त्यांना अचानक साक्षात्कार झाला की आपल्याला ट्रॅक्टर दुरुस्त करता येतो. घरात ट्रॅक्टर नव्हता, म्हणून त्यांनी मिक्सरपासून सुरुवात केली. मग पंखा, मग पाण्याची मोटार. सून शहाणी होती. एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवता ठेवता ती सहज म्हणाली, "आमच्या बाबांचा ट्रॅक्टर हल्ली फार त्रास देतोय."

पुढच्याच आठवड्यात पार्टवाले सपत्नीक व्याह्यांच्या दारात उतरले. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि दुकानात कधीच न खपलेल्या मालाचं एक मोठं खोकं.

व्याह्यांची रोपांची नर्सरी होती. रोपांच्या दोन ओळींमधून जाईल एवढा बेताचा, जावयापेक्षा वयाने मोठा ट्रॅक्टर त्यांच्याकडे होता. माती आणि खताची ट्रॉली ओढणं एवढंच त्याचं काम. त्याचं तेलपाणी नर्सरीवाले स्वतः करत. मागच्याच महिन्यात त्यांनी सगळा गंज खरवडून त्याला नखशिखांत लाल रंग दिला होता. रंग वाळला आणि ट्रॅक्टर आजारी पडला. बायको म्हणाली, दृष्ट लागली.

"सुरू होतो," नर्सरीवाल्यांनी शेडमध्ये उभं राहून रोग सांगितला, "थोडा वेळ झकास चालतो. मग गुदमरल्यासारखा करतो आणि गप्प. मला वाटतं, डिझेल कुठेतरी—"

"फिल्टर," पार्टवाले म्हणाले. "फिल्टर जातोच."

फिल्टर नवाच होता. पण लेक ज्यांच्या घरात नांदते त्यांना 'नाही' म्हणायला नर्सरीवाल्यांची जीभ रेटेना. त्यांनी मुकाट्याने पाना दिला. फिल्टर कुठे असतो तेही दाखवलं, फक्त दाखवतोय असं वाटू दिलं नाही. खोक्यातला फिल्टर चढला. पार्टवाल्यांनी टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं.

"डिझेल आहे ना, एवढं बघून घ्यावं. भले भले इथे फसतात."

झाकण उघडताना आतून एक बारीक सुस्कारा आला. कुणी लक्ष दिलं नाही. झाकण लावलं, किल्ली फिरवली, ट्रॅक्टर धडधडू लागला. पार्टवाल्यांनी हात पुसत सगळ्यांकडे पाहिलं. ट्रॉली फाटकापर्यंत पोचली आणि ट्रॅक्टर गप्प झाला.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. पार्टवाले म्हणाले, "फिल्टरचा दोष गेला. हा आता वेगळा दोष आहे."

मग डिझेलचा पंप बदलला. मग नोझल. मग डिझेलच्या नळ्या. दर वेळी काम झालं की पार्टवाले झाकण उघडून आत डोकावत, सुस्कारा ऐकू येई, ट्रॅक्टर सुरू होई, पार्टवाल्यांचं तोंडभरून कौतुक होई आणि ट्रॅक्टर फाटकापाशी मान टाकी. पार्टवाल्यांच्या लेखी तो रोज खडखडीत बरा होत होता आणि रोज नव्या आजाराने पडत होता. माती नर्सरीवाल्यांची बायको घमेल्यातून वाहत होती. विहीणबाई तिला हातभार लावायला आल्या.

"तुम्ही कशाला, बसा ना," बायको संकोचून म्हणाली.

"वाहू द्या हो," विहीणबाई म्हणाल्या. "घरी मी मोटार उघडी पडल्यापासून बादल्याच वाहते आहे."

शेवटी खोक्यात एकच वस्तू उरली, हॉर्नचं बटण. ट्रॅक्टरचा हॉर्न कित्येक वर्षांत वाजला नव्हता आणि रोपांना तो वाजवून बाजूला व्हायला सांगायची गरजही नव्हती. तरी पार्टवाल्यांनी बटण बसवलं. शेजारचा वीटभट्टीवाला तमाशा बघायला आला होता. त्याला बटणाचं महत्त्व समजावताना पार्टवाल्यांनी टाकीचं झाकण कुठेतरी ठेवलं आणि ते सापडेना. टाकीच्या तोंडावर फडकं बांधून ट्रॅक्टर सुरू केला.

तो फाटक ओलांडून गेला. परत आला. ट्रॉली भरली, पुन्हा गेला. जेवणाची वेळ झाली तरी तो थांबायचं नाव घेईना.

"अर्थिंग," पार्टवाले वीटभट्टीवाल्याला सांगत होते. "बटणातून करंट जिरत होता. इंजिनाला पुरणार कुठून?"

वीटभट्टीवाल्याने गंभीरपणे मान हलवली.

दुपारी सगळे पडले असताना नर्सरीवाल्यांना गोणपाटाखाली झाकण सापडलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक होतं, ते लाल रंगाने गच्च भरलेलं होतं. हवा आत जायला वाट नाही म्हटल्यावर डिझेल तरी खाली कसं उतरणार? त्यांनी बायकोकडे सुई मागितली आणि ओट्यावर बसून भोक मोकळं केलं. बायको बघत होती.

"सांगणार त्यांना?"

"काय सांगू? रंग मीच लावला ना."

"मग?"

"मग हॉर्नचं बटण," नर्सरीवाले म्हणाले आणि झाकण गुपचूप जागेवर लावून आले.

संध्याकाळपर्यंत बटणाची कीर्ती गल्लीभर झाली. चारचौघांत कुणीतरी नर्सरीवाल्यांना खोदून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बटण बसवल्यापासून बंद पडला नाही, हे मात्र खरं." त्यात खोटं असं काही नव्हतं, पण त्यांना ते बोलून बरं वाटलं नाही. पार्टवाल्यांनी आपुलकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मुलीचा फोन आला. "बाबा, सासरे कधी निघताहेत?"

"निघतील एक-दोन दिवसांत. काम झालं."

"इतक्या लवकर कसं झालं?" मुलीचा आवाज पडला होता. "मी आत्ताच मोटार दुरुस्त करून घेतलीय हो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वीटभट्टीवाला मोटरसायकल घेऊन आला. त्याचा मोठा ट्रॅक्टर काळा धूर टाकत होता. पार्टवाले इस्त्रीचा शर्ट घालून मागे बसले. नर्सरीवाल्यांनी त्यांच्या हातात पाने दिले, जड होते तरी सगळेच दिले.

मोटरसायकल वळणाआड गेल्यावर विहीणबाई ओट्यावर टेकल्या आणि त्यांनी पाय लांब केले.

"तो ट्रॅक्टर किती मोठा आहे हो?" त्यांनी विचारलं.

"आमच्या चौपट," नर्सरीवाल्यांची बायको म्हणाली.

"बरं झालं," विहीणबाई म्हणाल्या, आणि चहात साखर जरा जास्त घालायला सांगितली.