घाटावर घेतलेली बिअर

मित्रांनो, आज सकाळचीच गोष्ट लिहितो.

मी, दिनकर आणि वसंता, आम्ही साठी ओलांडलेले तिघे दर रविवारी मोताळ्याहून सायकलने राजूर घाट चढायचो. खाली परत आल्यावरच शेतात बसून एकेक बिअर, घाटात कधीच नाही. गेल्या महिन्यात वसंता वारला. आज आम्ही दोघेच गेलो. वर पोचल्यावर दिनकरने पिशवीतून बाटल्या काढल्या. "वसंताच्या नावानं आज इथंच घेऊ बे." मला नाही म्हणवलं नाही.

उतारावर दिनकर मला मागे टाकून सुसाट गेला. वळणापलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला आणि त्याचे ब्रेक करकचले. तिथे पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर दुसरी तिरडी होती.

सायकल चाक वाकून नालीत पडली होती. दिनकर कठड्याला टेकून बसला होता, नुसता खरचटलेला. "ब्रेक दाबाचं सुचलंच नाही मले," म्हणाला.

त्याचा फोन वाजला. बायकोचं नाव पाहून त्याने तो माझ्या हातात दिला. मी हॅलो म्हणालो.

"भाऊजी, निघाले का तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"हाव वहिनी, पायीच येऊन राह्यलो."

"पायी? काऊन?"

मी फोन बंद केला. दुपार झाली, त्यांना अजून बिअरचं आणि ट्रकचं खरं सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं का?