फुकट बंगल्याचे उमेदवार

ऑनलाइन स्पर्धा घेतली की ब्लॉगचे वाचक किती वाढतात, हे मला विचारू नका. त्यावर इंग्रजीत ढीगभर लिहिलेलं आहे आणि सगळं एकाच माणसाने लिहिल्यासारखं आहे. मला किस्से विचारा. किस्से माळ्यावरच्या खोक्यांसारखे असतात, एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. टपरीवर मित्रांना एक सांगायला घेतो, तर चहावालाच मधून म्हणतो, "तो नको, बाईंच्या मैत्रिणींचा सांग." म्हटलं, एकदा लिहूनच टाकावेत.

आधी थोडी ओळख. मी लोणावळ्यात, तुंगार्लीला राहतो. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. सोडलं म्हणजे सोडलं. 'ब्रेक घेतलाय' ही आईने नातेवाइकांसाठी तयार केलेली भाषा आहे. घरी बसून 'धुकं सोडून' नावाचा ब्लॉग लिहितो. लोणावळ्याचं धुकं सगळं जग दाखवतं, उरलेलं मी लिहितो. बंगले सांभाळणाऱ्यांना सुट्टी कधी मिळते, शनिवारच्या ट्रॅफिकमधून इथला पेशंट दवाखान्यात कसा पोचतो, असलं. वाचक होते दोनशे बारा. त्यात एक आई, तीही मेल उघडत नाही.

बाबा मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले, पण फक्त शाळेतून. घरी अजून तास चालू आहे. एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं, "दसऱ्यापर्यंत हजार वाचक कर. एक जरी कमी पडला, तर मामाने वराळ्याच्या कंपनीत स्टोअरमध्ये जागा बघून ठेवली आहे, तिथे जायचं. अर्ज मी भरून ठेवतो. तक्रार चालणार नाही."

मी म्हटलं, "चालेल. स्पर्धा घेतो. फुकट बक्षीस."

"फुकट वाटलं की रांग लागते," बाबा म्हणाले. "वाचक लागत नाहीत."

भात कालवता कालवता माणूस इतकं बरोबर बोलतो याचा मला फार राग येतो.

*

पहिलं बक्षीस होतं पाच किलो चिक्की. ही चूक माझी.

चिक्कीवाले काका बाबांचे जुने विद्यार्थी. लगेच तयार झाले. "पाच काय, दहा दे. फक्त माझा फोटो टाक आणि खाली लिही, ओरिजिनल."

"काका, समोरच्या दुकानावरही तेच लिहिलंय."

"तेही ओरिजिनल आहेत. आपल्याकडे सगळेच आहेत. तू लिही."

लिहिलं. दोन दिवसांत नऊ जणांनी भाग घेतला. एकाने विचारलं, जिंकलो तर चिक्कीऐवजी फज मिळेल का, किलोभर कमी दिलं तरी चालेल. दुसऱ्या एका बाई लोणावळ्याच्याच निघाल्या. त्यांनी स्वतःच्या कपाटाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आमच्याकडे चार पाकिटं पडून आहेत. स्पर्धेसाठी हवी असतील तर घेऊन जा."

लोणावळ्यातला माणूस चिक्की देतो, खात नाही, हे एकवीस वर्षं इथे राहून मला कळलं नव्हतं.

*

मग बंगला सुचला. गण्या माझा कॉलेजातला मित्र, तो अजून कॉलेजात आहे. त्याची वाडी मळवलीच्या पुढे. त्याचे वडील, म्हणजे आबा, तिथे मुंबईच्या एका शेठचा चार बेडरूमचा बंगला सांभाळतात. शेठ वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा फोनवर बोलत असतो. बंगल्याचे फोटो ब्लॉगवर येतील म्हटल्यावर, आम्ही काय मागतोय ते नीट न ऐकताच त्याने दोन रात्री देऊन टाकल्या.

आबांना मात्र पटेना. "दोन दिस फुकट राहायचं? कशापाई?"

"ब्लॉग वाचावा म्हणून," मी म्हटलं.

"आमच्या येळंला वाचायला माणसं पैसं द्यायची. तुमी बंगला देताय." आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "लिव्हतोस तरी काय तू एवढं?"

*

नियम सोपे होते. आपला फोन नंबर आणि ईमेल द्यायचा, म्हणजे ब्लॉग मेलवर येणार आणि माणूस वाचक म्हणून धरला जाणार. सोशल मीडियावर तीन मित्रांना टॅग करायचं. शेवटी सोडत. बाबांचं म्हणणं होतं की निबंधही लिहून घे. मी ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी आबा आमच्या घरी आले आणि वहीचा कागद पुढे केला. निळ्या पेनाने लिहिलेली त्रेचाळीस नावं. अख्खी वाडी.

"पोराच्या दोस्ताचं काम हाय म्हणलं, द्या नावं. दिली."

"आबा, ही स्पर्धा ऑनलाइन आहे."

"मग? घाल की तू आनलाईन. आमी काय न्हाई म्हणलं?"

तिकडे कुठलाही सरकारी फॉर्म दुसऱ्याच्याच फोनवर भरला जातो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ऑनलाइन म्हणजे दुसऱ्याला नाव सांगणं. ईमेल विचारला, तर फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराने सगळ्या वाडीसाठी एकच वापरला होता. स्वतःचा. म्हणजे माणसं त्रेचाळीस आणि वाचक एक, तोही न वाचणारा.

गण्याने आणि मी दोन रविवार मारुतीच्या देवळात बसून प्रत्येकाचा ईमेल काढला. पासवर्ड काय ठेवू विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला कशाला? तूच ठेव." फक्त हौसामावशी वेगळी. ती त्या बंगल्यात झाडू-लादी करते. तिने नातीच्या फोनवर मेल चालू करून घेतला, माझा पहिला लेख तिथल्या तिथे नातीकडून पूर्ण वाचून घेतला आणि म्हणाली, "शनवारी गाड्या लय वाढत्यात, हे तू आमाला सांगतोस व्हय? आमाला न्हाई म्हाईत असलं काय तरी लिव्ह."

इतकी खरी प्रतिक्रिया मला आजवर कुठल्याही संपादकाकडून मिळालेली नाही. संपादकांनी उत्तरच दिलेलं नाही, हा भाग वेगळा.

*

आता चहावाल्याचा लाडका किस्सा.

तळेगावच्या एक बाई, बाबांच्या शाळेत मराठी शिकवायच्या, आता एकट्याच असतात. एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज अजून वर्गावरचाच.

"तीन मित्र टॅग करा, असं तू लिहिलं आहेस."

"हो बाई."

"मला तीन मैत्रिणी आहेत. दोघी वारल्या. तिसरीशी मी बोलत नाही."

 मग बाईंनीच विचारलं.

"वारलेल्या चालतील का? त्यांची खाती अजून आहेत."

मी म्हटलं, चालतील. संध्याकाळी बघितलं तर बाईंनी दोन वारलेल्या मैत्रिणींना टॅग केलं होतं, आणि खाली तिसरीलाही. तिसरीने तासाभरात उत्तर टाकलं होतं, "मेल्यांच्या रांगेत उभं करायला तुला मीच सापडले का?"

पुढचे आठ दिवस त्या दोघी माझ्या पोस्टखाली भांडत होत्या. जुनी सगळी शाळा ते भांडण वाचायला आली आणि जाताना ईमेल देऊन गेली. एका झटक्यात दीडशे वाचक. हा उपाय इंग्रजीत कुणीही लिहिलेला नाही.

*

मामाचंही सांगायला हवं. ज्याने माझी नोकरी पक्की करून ठेवली होती, तो मामा. उंबरठ्यावर पाय ठेवायच्या आधीच म्हणायचा, "काय साहेब, कधी येताय स्टोअरला?"

एका सकाळी यादी तपासत होतो, तर वराळ्याची नावं एकाखाली एक. मामा, मामी, मामाच्या शिफ्टचे सगळे लोक आणि कँटीनवाला. मी फोन लावला.

"मामा, तुम्हीच भाग घेतलाय?"

"मग? नियमात कुठे लिहिलंय मामाला बंदी?"

"शिफ्टपण आणलीत."

"तीन मित्र टॅग करा म्हणालास, ते मी नीट समजावून केलं."

"अहो, पण असे वाचक वाढले तर मी हजाराला पोचेन. मग तुम्ही बघितलेली नोकरी जाईल."

 मामा म्हणाला, "नोकऱ्या मिळतात रे. बंगला कुठे मिळतो?"

*

आणि हा शेवटचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी वाचकांचा आकडा होता एक हजार चार. संध्याकाळी सोडत. बाबा आकड्याकडे पाठ करून पेपर वाचत होते, तासभर एकच पान.

दोनच्या सुमाराला दारात जीप थांबली. आबा, हौसामावशी, गण्या आणि वाडीतले पाच-सहा जण उतरले. आबांनी चपला काढल्या आणि बाबांच्या हातात कागद दिला.

"माघारीचा अर्ज हाय, गुरुजी."

झालं असं, की सोडत म्हणजे एकालाच मिळणार, हे वाडीला आदल्या दिवशी कळलं. लगेच देवळात बैठक बसली. एका वाडीतली त्रेचाळीस माणसं एकमेकांच्या विरोधात उभी, हे आबांना सहन होईना. वाडीत पंचायतीची निवडणूक कायम बिनविरोध होते. एकाला उभं करायचं, बाकीच्यांनी माघार घ्यायची, नारळ फोडायचा. थोर लोक याला एकोपा म्हणतात. मी आजवर घाबरटपणा म्हणत आलो. त्याच पद्धतीने त्यांनी हौसामावशीला उभं केलं होतं. अठरा वर्षं तिने त्या बंगल्याच्या लाद्या पुसल्या आणि एकदाही तिथे पाठ टेकली नाही. बाकी बेचाळीस जणांची माघार. सह्या, अंगठे, सगळं रीतसर.

मी कागदाकडे बघत राहिलो. एक हजार चारमधून बेचाळीस गेले. नऊशे बासष्ट. उद्या दसरा.

बाबा एकदम ताठ बसले. बत्तीस वर्षं मास्तरकीत जितक्या निवडणुका आल्या, तितक्या ड्युट्या त्यांनी केल्या होत्या. माणूस चष्म्यासकट बदलला.

"वेळ काय झाली?"

"दोन दहा," गण्या म्हणाला.

"माघारीची मुदत तीनपर्यंत असते. वेळेत आहात. बसा." मग त्यांनी बेचाळीस नावं मोठ्याने वाचली, प्रत्येक सहीवर बोट ठेवलं, दोन अंगठ्यांना साक्षीदार नव्हता तो गण्याची सही घेऊन पुरा केला आणि शाळेच्या जुन्या पोचपावतीच्या पुस्तकातून आबांना पोच लिहून दिली. आईने तोवर सगळ्यांना चहा दिला.

मी लॅपटॉप उघडला आणि नावं काढायला लागलो. फसवून जिंकायचं नव्हतं. पहिल्या नावावर खूण केली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "काय चाललंय?"

"नावं काढतोय. माघार घेतली ना त्यांनी."

"हात काढ तिथून."

मी हात काढला.

"उमेदवारी मागे घेतली, की उमेदवारांच्या यादीतलं नाव जातं," बाबा म्हणाले. "मतदार यादीतलं जात नाही. एवढंही माहीत नाही आणि स्पर्धा घेतोय."

आबांनी विचारलं, "म्हंजी काय, गुरुजी?"

"म्हणजे सोडतीत तुमची नावं नाहीत. मेल मात्र येत राहणार. चालेल का?"

"चालंल की. हौसाची नात देवळात वाचून दावती समद्यांना."

बाबांनी पेन खाली ठेवलं. "आवडतं लोकांना?"

"आवडायचं काय त्यात," आबा म्हणाले. "आमचंच हाय."

बाबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पहिल्या नावावरची माझी खूण स्वतःच काढली. 

संध्याकाळपर्यंत सगळे थांबले. सोडत वेळेवर काढली. नाव आलं नाशिकच्या एका बाईंचं. आबा गोंधळले. "ही कोन? हिनं का न्हाई घेतली माघार?" मग त्यांनीच मला फोन लावायला लावला आणि सगळं सांगितलं. त्या बाई हसत हसत म्हणाल्या, "मी येणार आहे. पण चार बेडरूम मला एकटीला कशाला? मावशींना घेऊन या."

हौसामावशीने विचार केला. "येते," ती म्हणाली. "पर सकाळी लादी कोन पुसनार, ते आधी ठरवा."

जीप गेली. मी बाबांच्या बोलण्याची वाट बघत उभा होतो.  त्यांनी पोचपावतीचं पुस्तक कपाटात ठेवलं, चष्मा पुसला आणि मामाला फोन लावला.

"तुझ्याकडे द्यायला स्टोअरच्या जागेचा अर्ज मी भरून ठेवला होता ना? तो मी आज पुन्हा तपासला," बाबा म्हणाले. "त्यावर मुलाची सहीच नाही. छाननीत बाद झाला."