नानांच्या पॅनेलची चावी

फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो आणि तारेचं एक टोक माझ्या दातांत होतं. नानांच्या मुलाचा, प्रशांतचा आवाज आला, "सलीमभाऊ, नाना गेले..." मी तार तोंडातून काढली आणि शिडीच्या पायरीवरच बसून राहिलो. खोटं कशाला बोलू, रडू नंतर आलं. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता सांगायचं राहूनच गेलं. चौदा वर्षं एक गोष्ट नानांना उद्या सांगू, परवा सांगू म्हणत मी ढकलत आलो होतो, आणि ऐकणारा माणूसच उठून गेला. त्याला आता सहा आठवडे झाले. आज लिहायला बसलोय ते मात्र हलक्या मनानं. का, ते सांगतो.

नाना म्हणजे आमचे लोटूनाना. घर फैजपूरकडचं, केळीवालं. त्यांनी जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांची कंपनी काढली आणि मी तिथला पहिल्यापासूनचा वायरमन. नाना महानुभाव पंथाचे, आणि तेही पक्के. एका परमेश्वराशिवाय कुणापुढे हात जोडायचे नाहीत, दुसऱ्या देवाचा प्रसाद घ्यायचा नाही, भेटल्यावर दंडवत आणि निघताना दंडवत. आमच्या एमआयडीसीत मालकाचा देव कोण हे गेटवरच कळतं. शेजारच्या आवारात डब्यात अंडं आणलेलं चालत नाही, पलीकडे सत्यनारायणाला झाडून सगळ्यांनी बसलंच पाहिजे, आणि धुळ्याला माझा मावसभाऊ ज्यांच्याकडे आहे तिथं अजान झाली की माग थांबतात. कंपनी ज्याची, रीत त्याची, यात कुणाला नवल वाटत नाही. आमची पंचाईत उलटी होती. आमच्या गेटवर काहीच नव्हतं, साधं लिंबू-मिरचीसुद्धा नाही. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळीकडे मशीनला झेंडूचे हार चढायचे. आमच्याकडे मशीन पुसायचं, तेल-ग्रीस द्यायचं आणि केळीच्या वेफर्सची पिशवी घेऊन दुपारी घरी जायचं. बाकीच्या कंपन्यांतली माणसं आमच्या माणसांना चिडवायची, तुमच्याकडे मशीनची आंघोळ होते, पूजा होत नाही.

माझं आणि नानांचं यावरूनच जमलं. विजेच्या मुख्य पॅनेलची चावी माझ्या हातात देताना ते म्हणाले होते, "सलीम, या कंपनीत मशीनले हात न जोडणारे आपण दोघंच. म्हणून चावी तुह्यापाशी देतो. इथं कोणी हळदकुंकू घेऊन आलं, तर तू उघडणार नाही हे मले ठाऊक आहे." शुक्रवारच्या नमाजला जायला त्यांनी मला कधी विचारायला लावलं नाही. ईदला शीरखुर्मा घेऊन गेलो की दरवर्षी एकच प्रश्न, "हा नैवेद्याचा तर नाही ना?" नाही म्हटलं की वाटी पुढे, आणि दुसऱ्या वाटीला मात्र काही विचारणं नाही!

मग सुकदेवचं बोट गेलं. सुकदेव पिंपळनेरकडचा, मागावर काम करायचा, साधा आणि भित्रा माणूस. दसऱ्यानंतर तिसऱ्याच दिवशी त्याच्या करंगळीचं टोक मागात सापडलं. झालं, सगळे म्हणाले की मशीन बिनपूजेचं आहे, ते असंच माणूस खाणार. दुसऱ्या दिवशी अख्खी पाळी गेटबाहेर उभी राहिली. नाना बाहेर आले आणि म्हणाले, "मशीनले गार्ड पाहिजे होता, तो मी लावला नाही. चूक माही आहे. पण जे मी घरात करत नाही, ते कंपनीत कसं करू? तुमच्या घरी तुम्ही खुशाल करा." आठ दिवसांत प्रत्येक मागाला जाळीचे गार्ड बसले. सुकदेवला भेटायला नाना रोज दवाखान्यात गेले. माणसं कामावर आली, पण भीती काही गेली नाही. सुकदेव मागाजवळ उभा राहिला की त्याचे हात थरथर कापायचे, आणि कापणाऱ्या हातांनी मागावर काम म्हणजे पुन्हा दवाखानाच.

पुढच्या खंडेनवमीला तो माझ्याकडे आला. हातात कागदाची पुडी. "सलीमभाऊ, एक बोट कुंकू लावू दे. कोनले दिसाव नही अशा जागी. माले भ्याव लागस. बठ्ठासलेच लागस, पन कोनी बोलत नही." भीती सगळ्यांनाच वाटत होती, बोलून दाखवली ती त्यानं एकट्यानं. माझ्या धर्मात हे बसत नाही, मालकाच्या धर्मात बसत नाही, आणि चावी नेमकी माझ्या खिशात. शेवटी त्याचे हात बघितले आणि मेन स्विच बंद करून पॅनेलचं दार उघडलं. म्हटलं, दाराच्या आतल्या बाजूला लाव, मी बघणार नाही. आणि मी पाठ करून उभा राहिलो. तेव्हापासून दर खंडेनवमीला दहा वाजता हेच. एकेक जण यायचा, बोट टेकवायचा, निघून जायचा. सुकदेवचे हात कापायचे थांबले. माझी झोप मात्र उडाली. ज्या माणसानं मला आपल्यातला समजून चावी दिली, त्याचाच नेम मी त्याच्या छपराखाली मोडत होतो.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा फैजपूरला जाताना गाडीत तोंड उघडलं, आणि नानांनी "काय म्हणतो?" विचारल्यावर म्हणालो, "काही नाही, सात नंबरच्या मागाचा गार्ड ढिला झालाय." शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. आवाज खोल गेला होता. हात हातात घेऊन म्हणाले, "पॅनेलची चावी तुह्यापाशीच आहे ना?" मी हो म्हटलं. "राहू दे. दुसऱ्या कोणाले देऊ नको." आणि हसले. ते हसू मला सुईसारखं टोचलं.

परवा प्रशांतनं पॅनेल रंगवायला काढलं. रंगारी आमचे नेहमीचेच, मधुकरआबा, वय झालेलं. मी दार उघडून दिलं तर म्हणाले, "आतली ती जागा सोडायची ना, नेहमीसारखी?" आत बघितलं. दाराच्या मधोमध हातभर चौकोन जुन्याच राखाडी रंगाचा होता, त्यावर बोटांचे लाल ठसे, आणि भोवती दोनदा-तीनदा चढलेला नवा रंग. इतकी वर्षं मला वाटायचं, आबा कामचुकारपणा करतात!

"कोणी सांगितलं सोडायला?"

"नानांनीच. पहिल्यांदा रंगवलं तेव्हा इथंच उभे होते, भिंतीकडे तोंड करून. म्हणाले, दाराच्या आत पोरांचा धीर ठेवलेला आहे, त्याच्यावर ब्रश फिरवू नको. आणि सलीमले सांगू नको, नाहीतर तो उघडायचं बंद करील."

मी तिथंच पोत्यांवर बसलो आणि मोठ्यानं हसलो, मग रडलो. आबा घाबरून पाणी आणायला गेले. छातीवरचं दगडाचं ओझं उतरणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. सुटलो मी. मागावर उभा असलेला सुकदेव लांबून बघत होता, त्याला वाटलं मला शॉक बसला.

मग एकेक आठवू लागलं. नानांची केबिन वर आहे, काचेच्या खिडकीची. तिथून पॅनेल समोर दिसतं. वर्षभर त्यांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून असायची, आणि खंडेनवमीला दहाच्या सुमाराला ती फिरायची. नाना भिंतीकडे तोंड करून पोथी वाचत बसायचे, वेफर्स वाटायची वेळ होईपर्यंत. मी म्हणायचो, सणाचा दिवस आहे, वाचत असतील. खाली मी पाठ करून उभा, वर ते पाठ करून बसलेले, आणि मधे सुकदेव बोट टेकवतोय... दोघांनीही आपापला नेम पाळला आणि माणसंही सांभाळली. फरक इतकाच, की मी जागा राहिलो आणि नाना शांत झोपले.

प्रशांतनं केबिन अजून स्वतःसाठी लावून घेतलेली नाही. खुर्ची खिडकीकडे तोंड करून तशीच आहे आणि पोथी कपड्यात बांधून कपाटावर. चावी माझ्या खिशात आहे, कोणाला देणार नाही. यंदा खंडेनवमीला दहा वाजायच्या आत आधी वर जाईन, खुर्ची भिंतीकडे फिरवीन, आणि मग खाली येऊन पॅनेल उघडीन.