सशांच्या पिंजऱ्यातलं लुगडं

शिनोलीची भाड्याची खोली सोडून आम्ही आळे गावातल्या आमच्या नव्या घरात राहायला गेलो, तेव्हा टेंपोत मी पुढं न बसता मागं सशांच्या पिंजऱ्याजवळ बसले. आमच्या ह्यांना ते पटलं नाही. न पटलं तर न पटलं. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, प्रत्येक गतिरोधकाला ते दोघं, पांढरा आणि करडी, एकमेकांत घुसत आणि मी पिंजरा दोन्ही हातांनी धरून ठेवी. आम्हाला मूलबाळ उशिरा झालं. त्याआधीची वर्षं मी ह्या दोघांच्या सोबतीनं काढली, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

सासूबाई आदल्या दिवशीच शिनोलीहून नव्या घरी येऊन बसल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. जुन्या घराचा केर नव्या घरात आणायचा नाही, केरसुणीसुद्धा तिथंच ठेवून यायची, हा आमच्याकडचा नेम. आत्यांनी तोच सशांना लावला. निघतानाच बजावून पिंजऱ्यातलं पोतं आणि भाताचा पेंढा शिनोलीतच टाकायला लावला होता, घरमालकीण तो पेटवून देणार होती. इथं उतरल्या उतरल्या ससे कोंबड्यांच्या डालग्याखाली कोंडले, पिंजरा फिनेलनं घासला, वर गोमूत्र शिंपडलं आणि खाली उसाचं पाचट अंथरलं. वास्तुशांतीला पाव्हणे जमलेले, मला तोंड उघडायची सोय नव्हती.

पांढऱ्यानं संध्याकाळी लसूणघासाच्या दोन काड्या तरी कुरतडल्या. करडी मात्र कोपऱ्यात तोंड खुपसून बसली ती बसलीच. सकाळी तिच्या बाजूला एकही लेंडी नव्हती. मी तशीच गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, ससा फार वेळ उपाशी राहिला की हाताला लागत नाही, जुन्या जागेचं ओळखीचं काहीतरी तिच्याजवळ ठेवा. मला तो जुना पेंढा आठवला. फाट्यावरच्या एसटीडी बूथवरून शिनोलीला फोन लावला. घरमालकीण म्हणाली, पेंढा, पोतं, सगळं कालच पेटवलं.

घरी आले आणि पाव्हण्यांदेखत आत्यांवर तोंडाचा पट्टा सोडला. तुमच्या सोवळ्यापायी माझी करडी जाणार, असं बरंच काही म्हणाले. एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई, पण सशांची पाण्याची वाटी भरायला उठली.

गाजर झालं, कोथिंबीर झाली, शेवग्याचा पाला झाला. करडी हुंगायलाही तयार नाही. तिचे कान गार लागत होते. मी सारखी हात लावून बघत होते आणि तेही बहुतेक तिला नको होतं.

दुपारी आत्यांनी त्यांची ट्रंक उघडली आणि तळातून एक विटलेलं हिरवं लुगडं काढलं. ते मी ओळखलं. शिनोलीला त्या पडवीत तांदूळ निवडत बसायच्या, तेव्हा सुटे सोडलेले ससे ह्याच लुगड्यावर येऊन बसायचे. आम्हा सगळ्यांना जुनी चिंधीसुद्धा आणू न देणाऱ्या बाईनं हे मात्र लपवून आणलं होतं! त्यांनी ते पिंजऱ्यात सरकवलं आणि मला हाताला धरून लांब नेलं.

करडीनं नाक हलवलं. मग पुढं आली, घडीत डोकं घातलं आणि आख्खी आत शिरली. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभ्या. चहा तसाच गार झाला. उन्हं कलल्यावर लुगड्याखालून पाचट कुरतडल्याचा कुरूकुरू आवाज यायला लागला. मला रडू आलं, लपवलं नाही.

सकाळी लेंड्या दिसल्या. मी त्या तळहातावर घेऊन आत्यांना दाखवायला धावले. झाला बाई नव्या घरात केर, म्हणून त्या हसल्या.

पुढं करडी चांगली रुळली, तेव्हा मी ते लुगडं धुऊन आत्यांना परत द्यायला निघाले. त्यांनी अडवलं.

"राहू दे तिलाच."

"पण आत्या, तुम्ही ते कशाला आणलं होतं?"

"उशाला घ्यायला. मलाबी परक्या जागी झोप लागत न्हाई."

"अजूनही?"

"अजून लागत न्हाई. पण मी माणूस हाय, मला सांगितलं तर कळतं. तिला कोण सांगणार?"