हिरवी भुकटी
फरशी पुसायच्या औषधाचा अमोनियासारखा उग्र वास आला आणि वर्ध्याच्या शाळेतली प्रयोगशाळा आठवली. नागपूर तेव्हा अजून मध्य प्रांताची राजधानी होतं. मी नवी शिक्षिका. नोकरी कायम करण्याआधी तपासनीस माझा तास बघणार होते, आणि सकाळीच अमोनिया हवेशी जळतो ते दाखवणाऱ्या प्रयोगातली प्लॅटिनमची तार तुटली. मला रडूच कोसळलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "प्लॅटिनम जमिनीत लय थोडं सापडते, म्हणून सोन्याहून महाग. दुसरी तार आता कुठची? पण तू काऊन रडून राह्यली? क्रोमियमची हिरवी भुकटी तापवून टाकजो, तिनंही तेच काम होते." मी तापलेली भुकटी अमोनियाच्या बाटलीत सोडली, तशा आत लाल ठिणग्या तडतडत उतरल्या. तपासनीस खुर्ची सोडून जवळ आले, म्हणाले, "पुन्हा दाखवा." मी लगेच आणखी भुकटी तापवायला घेतली. आजही या वासानं नाक झोंबतं, पण खिडकी उघडावीशी वाटत नाही.